वाढीव वर्षे कोणासाठी?



घरातल्या आजोबांचा वाढदिवस असला की आपण केक कापतो, फोटो काढतो आणि म्हणतो, "आजोबा, शंभर वर्षे जगा!" आजोबा हसतात. पाहुणे गेल्यावर मात्र ते हळूच म्हणतात, "देवाने आता बोलावले तर बरे. कोणावर ओझे नको." एकाच घरात, एकाच दिवशी ही दोन वाक्ये बोलली जातात. दीर्घायुष्य सर्वांना हवे असते, म्हातारपण कोणालाच नको असते. पण म्हातारपणाला टाळून दीर्घायुष्याकडे जाणारी वाट परमेश्वराने ठेवलेली नाही. मग अधिक जगण्याची इच्छा धरावी की धरू नये?

आधी एक गोष्ट कृतज्ञतेने मान्य करू या. देश स्वतंत्र झाला तेव्हा भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते ७० च्या आसपास आहे. याचा अर्थ तेव्हा सगळेच बत्तिशीत मरत होते असा नाही. पुष्कळ बाळे पाळण्यातच दगावत, बाळंतपणात माता जात, म्हणून सरासरी खाली येई. लसी आल्या, स्वच्छ पाणी आले, प्रतिजैविके आली. देवीचा रोग १९७५ नंतर आपल्या देशातून गेला, पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ मध्ये आढळला. आपल्या पणजोबांच्या पिढीने जी वर्षे मागण्याचे धाडस केले नसते, ती आज आपल्यापैकी अनेकांना मिळत आहेत. हे दान आहे. दानाला नाक मुरडू नये.

परंतु मिळालेल्या दानाचे करायचे काय, हा प्रश्न उरतोच. विचारवंतांनी त्याला निरनिराळी उत्तरे दिली आहेत. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस म्हणत असे की मरणाला भिण्याचे कारणच नाही. आपण असतो तोवर मरण नसते आणि मरण येते तेव्हा आपण नसतो. तर्क म्हणून हे पक्के वाटते. पण कबरीत मूठभर माती टाकताना या तर्काने कोणाचे सांत्वन झाले आहे? आपल्याला आपले 'नसणे' तेवढे छळत नाही, जेवढी ताटातूट छळते. आईला आपल्या मरणाची चिंता कमी आणि मागे राहणाऱ्या लेकराची अधिक असते.

दुसरे उत्तर आपल्या मातीतले आहे. महाभारतातल्या ययाती राजाने आपले म्हातारपण धाकट्या मुलाला, पुरूला दिले आणि त्याचे तारुण्य घेतले. हजार वर्षे भोग घेऊन झाल्यावर त्याला उमगले की उपभोगाने वासना शमत नाही, ती वाढते. वि. स. खांडेकरांच्या कादंबरीमुळे हा राजा मराठी घराघरांत पोहोचला. ययातीला वर्षे कमी पडली नव्हती. ती वर्षे त्याने केवळ स्वतःसाठी, तीही मुलाकडून घेतली होती, हे त्याचे दुखणे होते.

आपल्या पवित्र शास्त्रातही वाढीव वर्षे मिळालेला एक राजा आहे. यहूदाचा राजा हिज्कीया मरणाच्या दारात होता (२ राजे, अध्याय २०). यशया संदेष्ट्याने त्याला घराची निरवानिरव करण्यास सांगितले. राजाने भिंतीकडे तोंड फिरवले आणि तो रडला, प्रार्थना करू लागला. देवाने त्याला आणखी पंधरा वर्षे दिली. लक्षात घ्या, यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचे पोटीसही लावायला सांगितले. प्रार्थना आणि औषध एकमेकांचे वैरी नाहीत.

पुढे काय झाले? बाबेलहून दूत आले तेव्हा हिज्कीयाने आपले सोने, रुपे आणि शस्त्रागार त्यांना मोठ्या हौसेने दाखवले. यशयाने बजावले, "हे सारे एक दिवस बाबेलला जाईल, तुझे वंशजही नेले जातील." त्यावर राजाच्या मनात आले की माझ्या हयातीत तर शांती राहील ना, मग झाले! त्याच्यामागून त्याचा मुलगा मनश्शे बारा वर्षांचा असताना गादीवर बसला. म्हणजे हे मूल त्या वाढीव पंधरा वर्षांतच जन्मले होते, आणि बाप म्हणत होता, माझ्यापुरते निभावले की पुरे.

याच राजाने यरुशलेममध्ये पाणी आणण्यासाठी कालवा खोदवला, असेही तोच अध्याय सांगतो. खडकातून कोरलेला तो बोगदा आजही आहे. तो शिलोहाच्या तळ्याकडे जातो; जन्मांध माणसाला प्रभू येशूने जिथे डोळे धुवायला पाठवले, तेच ते शिलोह. खजिना बाबेलला गेला, पाणी मात्र इतरांसाठी वाहत राहिले.

तेव्हा 'किती जगावे' या प्रश्नाआधी 'कोणासाठी' हा प्रश्न येतो. पोप फ्रान्सिस महाशय २०२५ च्या फेब्रुवारीत न्यूमोनियाने अत्यवस्थ झाले. ३८ दिवसांनी, २३ मार्चला, ते इस्पितळातून परतले. त्यानंतर त्यांना जेमतेम चार आठवडे मिळाले. त्या दिवसांत पवित्र गुरुवारी ते रोमच्या तुरुंगात कैद्यांना भेटले. ईस्टरला ८८ वर्षांचा हा थकलेला माणूस चौकात लोकांमध्ये फिरला, आणि दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला, देवाघरी गेला. चार आठवडे पंधरा वर्षांपेक्षा भरलेले असू शकतात.

इथे कोणी विचारील, "फादर, जे अंथरुणाला खिळले, ज्यांना पोटच्या मुलाचे नावही आठवत नाही, त्यांची वर्षे कोणासाठी?" प्रश्न रास्त आहे. 'कोणासाठी' याचा अर्थ 'उपयोगी पडणे' असा घेतला तर आपला सगळा विचार क्रूर होईल. तान्ह्या बाळाचा उपयोग काय, असे आपण कधी विचारतो का? माणसाची किंमत त्याच्या कामावर ठरत नाही. आणि आपल्याला काही शिकवावे म्हणून आजी आजारी पडलेली नसते. नात्यामध्ये देण्याची वेळ असते, तशी घेण्याचीही असते. ज्या हातांनी लेकीला न्हाऊ घातले, त्यांनी आता लेकीकडून अंग पुसून घ्यायचे, हे देण्यापेक्षाही कठीण आहे. म्हणून आजी-आजोबांना आमचे सांगणे आहे: स्वतःला ओझे म्हणू नका.

आणि तरुणांना सांगणे आहे: तसे म्हणण्याची पाळी त्यांच्यावर आणू नका. आम्ही धर्मगुरू आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी घरोघर जातो, तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसते. सेवा एकटी सून करते, किंवा अविवाहित मुलगी करते. बाकीची भावंडे फोनवर चौकशी करतात. आईवडिलांची जमीन वाटून घेता येते, तशी रात्रीची जागरणेही वाटून घेता येतात.

मग, प्रत्येक श्वास कोणत्याही किमतीला लांबवायचा का? नाही. १९५७ मध्येच पोप बारावे पायस महाशयांनी डॉक्टरांना सांगितले होते की नेहमीचे उपचार करणे हे कर्तव्य आहे, पण अतोनात त्रासाचे, आवाक्याबाहेरचे उपाय करण्याचे बंधन नाही. १९८० च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्रातही हेच सूत्र आहे. मृत्यू घडवून आणणे वेगळे आणि येणाऱ्या मृत्यूला निष्फळ यंत्रांनी अडवून न धरणे वेगळे. पहिले पाप आहे, दुसरे नम्रता आहे. व्हेंटिलेटर लावायचा की नाही यावर विचार होऊ शकतो. वेदनाशमन, स्वच्छता, शरीर स्वीकारते तोवर अन्नपाणी आणि हातात हात यांवर विचार करायचा नसतो. ते द्यायचेच असते. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून कॅन्सरच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांसाठी हेच करत आले आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते. त्यात मरण मागायचे नसते. कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि आपण बोलू शकलो नाही तर कोणी बोलावे, एवढे लिहायचे असते. असे कागद नसल्यामुळे आयसीयूच्या दाराबाहेर भावाभावांत वाद होतात आणि ते दफनानंतरही मिटत नाहीत. घराची निरवानिरव कर, हे यशयाचे शब्द शाप नव्हते, ती माया होती.

या रविवारी जेवणानंतर टीव्ही थोडा वेळ बंद ठेवू या. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारू या, "तुम्हाला कशाची भीती वाटते? तुमची काय इच्छा आहे?" 'असे अभद्र बोलू नये' म्हणून त्यांना गप्प करू नका. अभ्यंग संस्कारासाठी आम्हाला शुद्ध हरपल्यावर बोलावू नका. आजारी माणसाला स्वतः 'आमेन' म्हणता येईल अशा वेळी बोलवा. आणि आपल्यापैकी ज्यांना वाढीव वर्षे लाभली आहेत, त्यांनी आपला कालवा कोणता, हे शोधावे. नातवाला प्रार्थना शिकवणे, जुने भांडण मिटवणे, शेजारच्या एकट्या विधवेकडे जाऊन बसणे, हाही कालवाच आहे.

वर्षांचा हिशेब परमेश्वराच्या हाती आहे. ती कोणासाठी खर्चायची, हे त्याने आपल्यावर सोपवले आहे.

तुमचे धर्मगुरू