झीज आणि बट्टा

नाणेसंग्राहकांची भाषा मोठी रसाळ असते. आमच्या सुकापुरातील एका संग्राहक मित्राने मागे तांब्याच्या शिवराया दाखविल्या. दोन आडव्या रेघांची ती 'दुदांडी', असे सांगताना त्याचा स्वर हळवा झाला. प्रतवारीला मात्र त्याचे शब्द इंग्रजी. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकी सेंटसाठी योजलेल्या १ ते ७० च्या पट्टीत 'गुड' म्हणजे अवघे ४! बरीच झीज झालेले नाणे ते 'गुड'. ६० पासून पुढचे अंक राखीव आहेत ते व्यवहारात कधी न फिरलेल्या नाण्यांस.

येथे आमचे मन अडते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या चाकराने आपला तालांत (ते नाणे नव्हे, वजन होय) जमिनीत पुरून ठेवला. संग्राहकाने त्याची पाठ थोपटली असती. धन्याने त्याला बाहेर घालविले. संग्राहकाला दोष कसा द्यावा? तो मूळ ठसा जपतो, आणि त्याचे काम तेच आहे. पण ती पट्टी आपण माणसांना का लावतो? झिजलेल्या रुपयावर सराफ जी रक्कम कापून घेत, तो बट्टा. पुढे हाच शब्द आपण चारित्र्यावरील डागासही दिला. जणू वापराची झीज आणि पापाचा डाग एकच!

मित्राजवळच्या एका शिवराईवर 'श्री राजा शिव' यांपैकी केवळ 'शिव' उरले आहे. तिला भाव नाही, असे तो म्हणतो. ती किती जणींच्या कनवटीला राहिली असेल, यासाठी त्याच्या भाषेत शब्द नाही.