कोपऱ्यातली ओल

खांदा कॉलनीत, खांदेश्वर स्टेशनजवळच्या एका जुन्या इमारतीत दोन शेजाऱ्यांनी एकाच उन्हाळ्यात बाथरूमचं काम काढलं. एका घरी निवृत्त शिक्षिका, दुसऱ्या घरी बँकेतले साहेब. मिस्त्री दोघांचा एकच.

बाईंनी पहिल्याच दिवशी मिस्त्रीला चहा देऊन समोर बसवलं आणि वहीत सगळं उतरवलं: टाइल्स कुणी आणायच्या, मलबा कुणी उचलायचा, कुठलं काम झालं की किती पैसे. मध्येच नळाची जागा बदलावीशी वाटली, तर त्याचे वाढीव पैसे ठरवून तेही लिहिलं. ठरलेली रक्कम शनिवारी मिस्त्रीच्या हातात पडे, कारण मजुरांचा हिशोब तो शनिवारीच करायचा. हा हिशोब चुकला की पोरं सोमवारी दुसऱ्या साइटवर जातात आणि अर्धवट खणलेलं घर तसंच राहतं.

साहेबांनी घासाघीस करून भाव पाडला. सगळं बोलणं तोंडी. रोज फोनवर नवी फर्माईश, आणि पैसे मागितले की, "आधी काम दाखव." मजुरांच्या देखत त्यांनी मिस्त्रीला चोरही म्हटलं.

वॉटरप्रूफिंगनंतर बाईंच्या बाथरूममध्ये पाणी तुंबवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री खालच्या घरात छत बघून आला आणि म्हणाला, "बाई, पाइपाजवळ ओल आली. आमच्या पोराकडून कोपरा कच्चा राहिला. परत खणावं लागेल, खर्च माझा."

बाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. किती दिवस लागतील?"

साहेबांचा कोपरा त्याच पोराने भरला होता. तिथे मात्र, "पाणी कशाला साठवता? टाइल्स लावून मोकळे व्हा," असा हुकूम होता. मिस्त्री त्यांच्या दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

इमारतीत एकाच्या न्हाणीखाली दुसऱ्याचं छत असतं. गळती कुणा एकाची राहत नाही. जुलैत साहेबांच्या खालच्या घरातला गिलावा सुटला. साहेब तडक बाईंकडे आले. "तुमचं काम चोख आणि माझं असं का?"

बाईंनी मिस्त्रीला बोलावून घेतलं. त्याने सगळं कबूल केलं.

"माझ्याकडे चूक सांगायची त्याला भीती वाटली नाही," बाई साहेबांना म्हणाल्या. "तुमच्याकडे सांगितली असती, तर शिव्या खाऊन वर पैसेही बुडाले असते." मग मिस्त्रीकडे वळल्या. "पण तुम्ही दारातून परत फिरलात, तेही चूकच. छत गळलं ते तिसऱ्याच माणसाचं."

दोघांनीही मान खाली घातली. साहेबांनी थकलेले पैसे दिले आणि टाइल्सचा खर्च उचलला. मिस्त्रीने मजुरी सोडली आणि खालच्या घरचा गिलावा पदरमोड करून भरून दिला. नव्या टाइल्स बसवण्याआधी या वेळी दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं, आणि छत बघायला दोघेही मिळून खाली गेले.