नवसाची नावे

उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये अधिकृतरीत्या धाराशिव झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. परंतु जुने नाव परत आले की त्याच्यामागोमाग जुना, निर्भेळ इतिहासही परत येतो, हा समर्थकांचा आवडता सिद्धान्त मात्र कोणी तपासून पाहिला नाही. तो तपासायचा असेल तर याच जिल्ह्यातील तुळजापूरच्या देवीचे नाव घेऊन दूरवर गेलेल्या पुरुषांकडे पाहणे सोयीचे ठरते.

तंजावरच्या भोसल्यांत तुळजाजी नावाचे दोन राजे झाले. पहिल्याच्या (1728–1736) नावावर ‘संगीत सारामृत’ हा संगीतशास्त्राचा ग्रंथ आहे. 1763 मध्ये गादीवर आलेल्या दुसऱ्याचे राज्य 1773 मध्ये अर्काटच्या नबाबाने घेतले, 1776 मध्ये इंग्रजांनी ते परत दिले, आणि 1787 मध्ये मृत्यूपूर्वी त्याला दत्तक घ्यावा लागला. कोकणात तुळाजी आंग्रे 1756 मध्ये विजयदुर्ग गमावून पेशव्यांच्या कैदेत पडला आणि तिथेच संपला. देवीच्या नावाने कोणालाही अभय मिळाले नाही. त्याहून मोलाची गोष्ट अशी की दुसऱ्या तुळजाजीने घेतलेल्या दत्तकाचे नाव सरफोजी होते, आणि त्या नावाची नाळ बखरींच्या परंपरेनुसार अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराशी जुळते, कारण मालोजी भोसल्यांनी पुत्रासाठी त्या पिराला नवस केला आणि झालेल्या मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली. तुळजाभवानीला कुलदेवता मानणाऱ्या घराने पिराचे नावही पिढ्यानपिढ्या जपले; निर्भेळपणाचा शोध घेणाऱ्यांनी आधी या वंशावळीला उत्तर द्यावे.

नवस, म्हणजे इच्छा पुरी झाल्यास अमुक करीन अशी देवाला घातलेली अट, हा क्षुद्र व्यवहार होय, असे सुधारकी लेखनात ठरून गेले आहे. ते फार घाईचे आहे. तुळजापूरच्या देवळात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा, तो उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार, अशी समजूत आहे. ज्याचे कोणत्याही कचेरीत ऐकून घेतले जात नाही, त्यालाही येथे उत्तर मिळते, मग ते नकाराचे का असेना. एकनाथांच्या रोडग्याच्या भारुडातील सून याच बळावर सासरचे एकेक माणूस वाटेतून दूर करण्याची मागणी भवानीपुढे ठेवते आणि मोबदल्यात कणकेचा जाड भाजलेला रोडगा कबूल करते. टीकाकार लगेच सासूला कल्पना, नणंदेला वासना ठरवून मोकळे होतात. रूपक नाथांचेच आहे, यात वाद नाही. पण ते टिकते ते खऱ्या सुनेच्या खऱ्या वैतागावर, आणि भारूड ऐकताना बायका हसतात त्या वेदान्ताला नव्हे. नवसाची टर उडवता उडवता नाथांनी नवस करणारीला वाचा दिली, हे त्यांच्या भाष्यकारांना आजतागायत पेललेले नाही.

तथापि या समर्थनाला एक मोठे भोक आहे. सून स्वतःसाठी मागते आणि स्वतःच रोडगा भाजते. मुलासाठी केलेल्या नवसात मात्र मागणारा एक आणि फेडणारा दुसरा. तुळजाजी किंवा शरीफजी होण्याला बाळाची संमती कोण विचारतो? सचिन पिळगांवकरांच्या ‘नवरा माझा नवसाचा’ (2004) या विनोदी चित्रपटाने हे वर्म कित्येक विचारवंतांपेक्षा नेमके धरले: मुलाला नागव्याने गणपतीपुळ्याला आणण्याचा राहून गेलेला नवस तो बाप्या झाल्यावर त्याच्याच अंगावर येतो, आणि एसटीभर हशा पिकतो. ‘जोगवा’ (2009) मध्ये घरच्यांनी देवीला सोडलेल्या दोघांची तीच गोष्ट हशाविना येते. नाव बदलून घेता येते, त्यासाठी राजपत्रात सोय आहे. देवीला सोडलेल्या मुलामुलींसाठी अशी सोय नव्हती, आणि त्यांच्याच कथेतील गाणी आता नवरात्राच्या मिरवणुकांत नाचायला लावली जातात.