मांडव आणि माळवद



सुक्कोथ आला की ॲन आर्बरच्या थंडीतही आपण अंगणात मांडव घालतो. छप्पर इतके विरळ की आतून चांदण्या दिसाव्यात. वाऱ्याने तो हलू लागला की मुले विचारतात, "पक्के घर असताना येथे का बसावयाचे?"

या प्रश्नाचे उत्तर मला किल्लारीत सापडते. 29 सप्टेंबर 1993 रोजी येथे संध्याकाळचे साडेसहा होत होते. सणाची पहिली रात्र सुरू व्हावयास तासाभराचा अवकाश होता. त्याच क्षणी महाराष्ट्रात 30 तारखेच्या पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटे झाली होती. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील लोक झोपले होते. धरणी हादरली आणि आठ ते दहा हजार जीव गेले. पुष्कळांवर त्यांचीच पक्की वाटणारी घरे कोसळली: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. दगडावर विसंबू नये, परमेश्वरावर विसंबावे, हेच आपला डुलणारा मांडव सांगतो.

कोणी म्हणेल, ती माणसे आपल्या धर्माची नव्हती. बंधूंनो, नवगावचा किनारा आठवा. परंपरेप्रमाणे जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांना आसरा देणारे कोकणी लोक तरी आपल्या धर्माचे कोठे होते?

तोरा सांगते की सणाच्या आनंदात परका, पोरका आणि विधवा यांनाही वाटा द्यावा. तेव्हा हशकाबा म्हणून थांबू नका. संकटानंतर पहिल्या आठवड्यात कपड्यांचे ढीग येतात, पण पोरके मूल शिकून उभे राहावयास दहा-पंधरा वर्षे लागतात. भूकंपानंतर 52 गावे नव्या जागी वसविली गेली. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्तांची सुमारे 1200 मुले पुण्यास नेऊन शिकविली. खरा त्सेदाका असा लांब पल्ल्याचा असतो.

माझी विनंती एवढीच. प्रत्येक घराने मांडवात एक डबा ठेवावा. वर्तमानपत्रांनी विसरलेल्या संकटग्रस्तांसाठी काम करणारी एक संस्था नीट चौकशी करून निवडावी आणि तिला दर वर्षी, न चुकता, द्यावे. सण संपला की आपण मांडव मोडून उबदार घरात जातो. ज्यांना परत जावयास घरच उरले नाही, त्यांना त्या वेळी विसरू नये.

परमेश्वर मृतांना शांती देवो आणि आपले हात उघडे ठेवो. आमेन.