हॉवरक्राफ्ट फसलं, म्हणजे नेमकं काय झालं?

मराठीत ‘फसणं’ या क्रियापदाचे दोन अर्थ नेहमीच्या वापरात आहेत. बेत फसतो आणि पाय चिखलात फसतो. हॉवरक्राफ्ट या वाहनाबद्दल गेली पंचवीस वर्षं जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यात पहिला अर्थ ठासून भरलेला असतो. भविष्याचं म्हणून गाजलेलं आणि पुढे संग्रहालयात जाऊन बसलेलं वाहन, अशी त्याची ओळख झाली आहे. दुसऱ्या अर्थाकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. जिथे बाकी सगळं फसतं तिथे हे फसत नाही, आणि त्यासाठीच ते आजही वापरात आहे.

एखादी गोष्ट ‘अपयशी’ ठरवताना आपण नेमकं काय मोजतो, हा माझा प्रश्न आहे. हॉवरक्राफ्टच्या निमित्ताने तो स्वच्छ मांडता येतो, म्हणून आधी त्याची गोष्ट.

ख्रिस्टोफर कॉकरेल हा मूळचा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर. मार्कोनी कंपनीतली नोकरी १९५०च्या सुमारास सोडून त्याने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ होड्या बांधायचा छोटा व्यवसाय सुरू केला. होडी आणि पाणी यांच्यातलं घर्षण कसं कमी करायचं, हा विचार त्याच्या डोक्यात घोळत होता. १९५५मध्ये त्याने एक डबा दुसऱ्या मोठ्या डब्यात बसवला, दोघांमधल्या अरुंद फटीतून हवा खाली सोडली आणि स्वयंपाकघरातल्या तराजूवर दाब मोजला. एकाच डब्यातून सरळ हवा सोडल्यावर मिळतो त्यापेक्षा हा दाब कितीतरी जास्त भरला. कडेने वर्तुळात सोडलेली हवा जणू भिंत उभी करते आणि आतली हवा कोंडून धरते. या कोंडलेल्या हवेवर वाहन उचललं जातं. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने पेटंटसाठी अर्ज केला.

पुढचा किस्सा कॉकरेल स्वतःच सांगत असे. नौदल म्हणालं, हे तर विमान आहे. हवाई दल म्हणालं, ही तर होडी आहे. लष्कराला त्यात रसच नव्हता. किस्सा विनोदी आहे, पण या वाहनाची सगळी पुढची कुंडली त्यात आहे. ते कुठल्याच खात्यात बसत नव्हतं. विश्वामित्राने वर पाठवलेला आणि देवांनी खाली ढकललेला त्रिशंकू जसा मध्येच राहिला, तसं हे.

शेवटी एका सरकारी संशोधन महामंडळाने पैसे दिले आणि सॉन्डर्स-रो कंपनीने एसआर-एन१ हे पहिलं पूर्ण आकाराचं हॉवरक्राफ्ट बांधलं. २५ जुलै १९५९ रोजी, म्हणजे ब्लेरिओने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली त्याला पन्नास वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, ते कॅलेहून डोव्हरला पोचलं. दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागला. वजनाचा तोल साधायला खुद्द कॉकरेल त्यावर बसला होता. तेव्हा ते पृष्ठभागापासून जेमतेम वीतभर उचललं जाई, त्यामुळे जराशा मोठ्या लाटेपुढे त्याचा निभाव लागणं कठीण होतं. लॅटिमर-नीडहॅम या दुसऱ्या इंजिनिअरने सुचवलेला लवचिक झालर लावण्याचा उपाय आल्यावर ही अडचण बरीच सुटली. १९६८मध्ये एसआर-एन४ ही महाकाय जात डोव्हरहून फ्रान्सकडे प्रवासी नेऊ लागली. तिची नंतर लांबवलेली आवृत्ती ५६ मीटर लांब होती, ४१८ माणसं आणि ६० मोटारी घेऊन जाई आणि साधारण पस्तीस मिनिटांत पलीकडे पोचे. १४ सप्टेंबर १९९५ रोजी ‘प्रिन्सेस अ‍ॅन’ने ही खाडी २२ मिनिटांत ओलांडली.

आणि तरीही १ ऑक्टोबर २००० रोजी ही सेवा बंद झाली. याची कारणं गूढ नाहीत. होडी फुकटात तरंगते. तिचं वजन पाणी पेलतं आणि इंजिनाने फक्त पुढे ढकलायचं असतं. हॉवरक्राफ्टला तरंगण्याची किंमत दर सेकंदाला मोजावी लागते, कारण झालरीखालून हवा सतत निसटत असते आणि पंख्यांनी ती सतत भरत राहावी लागते. एसआर-एन४वर चार गॅस टर्बाइन होती. १९७३ला तेल महागल्यावर ही चार तोंडं पोसणं जड जाऊ लागलं. आवाज कानठळ्या बसवणारा. पाण्यात वल्हं नाही, जमिनीवर चाक नाही, त्यामुळे आडव्या वाऱ्यात वाहन घसरत जातं. १९८५मध्ये ‘प्रिन्सेस मार्गारेट’ डोव्हर बंदराच्या धक्क्यावर आदळलं आणि चार जणांचा जीव गेला. रबरी झालर घासून फाटे, ती पुन्हा पुन्हा बदलावी लागे. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. १९९४ला खाडीखालचा बोगदा सुरू झाला, १९९९ला युरोपीय संघांतर्गत प्रवासातली करमुक्त विक्री संपली आणि फेरीतून मिळणारी वरकमाई गेली. आपल्याकडेही मुंबई आणि बेलापूर यांच्यामध्ये १९९०च्या दशकात हॉवरक्राफ्ट धावलं होतं. दशक संपता संपता तेही थांबलं.

इथे बहुतेक लेख संपतात. माझ्या मते खरा विषय इथून सुरू होतो.

पोर्ट्समथजवळच्या साउथसीहून आइल ऑफ वाइटवरच्या राइडला १९६५पासून आजतागायत हॉवरक्राफ्ट जातं, दहा मिनिटांत. राइडचा किनारा इतका उथळ आहे की ओहोटीला समुद्र लांबवर मागे जातो. साध्या बोटींसाठी तिथे १८१४मध्ये लांबलचक धक्का बांधावा लागला, तो आज सुमारे सातशे मीटर आहे. हॉवरक्राफ्टला धक्का लागत नाही. ते वाळूवरून थेट गावाशी येऊन थांबतं.

राइडला निदान पर्याय आहे. वायव्य इंग्लंडमधल्या मोरकम उपसागरात तोही नाही. ओहोटीला तिथे मैलोन् मैल वाळू आणि गाळ उघडा पडतो. कोकणातल्या खाडीकाठी राहणाऱ्यांना हे दृश्य समजावून सांगायला नको: होडी जायला पाणी नाही, माणूस चालायला जमीन नाही, गाडी घातली तर आसापर्यंत आत. भरती उलटली की पाणी मागून वेढा घालतं. समुद्रात सापडलेल्यांना वाचवणारी आरएनएलआय ही संस्था १८२४पासून मुख्यतः देणग्या आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालते. तिने २००२मध्ये मोरकमला हॉवरक्राफ्ट ठेवलं. हवेच्या गादीवर वजन इतकं पसरतं की खालच्या गाळावर माणसाच्या पावलापेक्षाही कमी दाब येतो. म्हणून माणूस रुततो तिथे हे रुतत नाही.

५ फेब्रुवारी २००४च्या रात्री या उपसागरात कॉकल नावाचे शिंपले वेचणारे चिनी स्थलांतरित मजूर भरतीत अडकले. मुकादमाने त्यांना अंधारात, धोक्याच्या वेळी तिथे नेलं होतं. हॉवरक्राफ्ट त्या रात्री बाहेर पडलं, तरी किमान २१ माणसं मेली. तेव्हा हे यंत्र चमत्कार करतं असं मी म्हणत नाही. स्वस्त मजुरीचा प्रश्न कुठल्याही पंख्याने सुटत नाही. पण तशा जागी मदत घेऊन जाऊ शकणारी साधनं बोटांवर मोजण्याएवढी आहेत आणि त्यातलं एक हे आहे.

भारतीय तटरक्षक दल कच्छ, सुंदरबन आणि पाल्कची सामुद्रधुनी अशाच अर्धवट पाण्यात हॉवरक्राफ्ट वापरतं. मार्च २०२२मध्ये श्रीलंकेतल्या आर्थिक अरिष्टातून पळालेल्या काही माणसांना नावाड्यांनी धनुष्कोडीजवळच्या वाळूच्या बेटावर उतरवून दिलं होतं. त्यात लहान मुलं होती. तटरक्षक दलाने हॉवरक्राफ्ट नेऊन त्यांना आणलं. ऑक्टोबर २०२४मध्ये संरक्षण मंत्रालयाने गोव्यातल्या चौगुले कंपनीशी अशा सहा वाहनांसाठी सुमारे ३८७ कोटी रुपयांचा करार केला. ‘मेलेल्या’ तंत्रज्ञानावर कुणी एवढा खर्च करत नाही.

मग अपयश कशाला म्हणायचं? १९५९ला वचन होतं ‘कुठेही जाणारं वाहन’. झालं ते ‘जिथे दुसरं काहीच जात नाही तिथे जाणारं वाहन’. आपण पहिल्या वाक्याच्या मापाने दुसऱ्याला नापास करतो. रस्त्यावर मोटार सरस, पाण्यावर बोट सरस, हवेत विमान सरस. हॉवरक्राफ्ट सगळीकडे दुसरं किंवा तिसरं. सरासरी काढली की हरतंच. पण गाळात कमरेपर्यंत रुतलेल्या माणसासाठी सरासरी नावाची गोष्ट अस्तित्वात नसते.

माझ्या पेशात हे माप रोज हाताळावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवताना आधी वापराचे आकडे बघतात. तळातल्या गोष्टी काढायच्या, कारण प्रत्येक गोष्ट सांभाळायला माणसांचा वेळ लागतो. हे चूक नाही. अडचण अशी की आकड्यांच्या त्या यादीत दोन अगदी वेगळ्या गोष्टी शेजारी-शेजारी, सारख्याच दिसतात. स्क्रीनचा रंग बदलायची सोय थोडेच लोक वापरतात. माउसशिवाय, फक्त कीबोर्डवर सगळं चालवायची सोयही थोडेच लोक वापरतात. पहिली काढली तर लोक कुरकुरतील आणि विसरतील. दुसरी काढली तर ज्याचा हात थरथरतो, किंवा ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी दार बंद झालं. किती जण वापरतात, या प्रश्नाला इथे उत्तर एकच येतं. ही गोष्ट नसेल तेव्हा ते काय करतील, असं विचारलं की उत्तरं वेगळी होतात.

माझ्या मते नैतिक वजन या दुसऱ्या प्रश्नाला आहे. आणि तो प्रामाणिकपणे विचारला तर तो हॉवरक्राफ्टच्या बाजूनेच कौल देतो असंही नाही. खाडी ओलांडणारी ती महाकाय यानं बंद पडली तेव्हा प्रवाशांनी काय केलं? बोगद्यातून गेले, फेरीतून गेले. थोडा वेळ जास्त लागला, इतकंच. ती बंद होणं हळहळण्यासारखं असेल, अन्याय नव्हता. मोरकमचं बंद झालं तर मात्र पुढच्या भरतीत कुणाला तरी वाट बघत बसावं लागेल.

या युक्तिवादात एक खाच आहे. ‘जिथे कुणी पोचत नाही तिथे पोचणं’ हा गुण फक्त वाचवणाऱ्यांच्या कामाचा नाही. अमेरिकी नौदलाचं एलसीएसी हे हॉवरक्राफ्ट रणगाडा वाहून नेतं. नेहमीच्या बोटी जगातल्या १५ टक्क्यांच्या आसपास किनाऱ्यांवर सैन्य उतरवू शकतात आणि याने तो आकडा ७० टक्क्यांवर जातो, असा नौदलाचा दावा आहे. काठावर राहणाऱ्या माणसाला दलदल हेच संरक्षण असू शकतं आणि हे यंत्र ते काढून घेतं. म्हणजे पर्याय नाही एवढ्यावर एखादी गोष्ट चांगली ठरत नाही. ‘ती नसेल तर ते काय करतील’ या प्रश्नातले ‘ते’ कोण, हे प्रत्येक वेळी विचारावं लागतं.

तरी एवढं नक्की म्हणता येईल. दुर्मीळ पण निकडीची गरज बाजार नीट भागवत नाही, कारण बाजाराला गर्दी लागते. राइडची सेवा तिकिटांवर चालते. मोरकमची अनोळखी लोकांच्या देणग्यांवर, पाल्कची आपल्या करांवर. यातले बहुतेक देणगीदार त्या गाळात कधी पाऊलही ठेवणार नाहीत. आपल्याला लागणार नाही हे ठाऊक असूनही ज्याला लागेल त्याच्यासाठी एखादी महागडी, गोंगाटी, सगळीकडे दुय्यम ठरलेली वस्तू चालू ठेवणं, याला समाजाचं शहाणपण म्हणायला माझी हरकत नाही. कॉकरेलला त्याच्या शोधाबद्दल, बरीच भांडणं झाल्यावर, दीड लाख पौंड मिळाले. तो १ जून १९९९ला गेला. खाडीवरची यानं थांबली ती त्यानंतर सोळा महिन्यांनी, पण मोरकमला हॉवरक्राफ्ट आलं तेही त्यानंतरच.