धोका नको, पण कोणाला?

गरोदरपणात एक शब्द सतत कानावर पडतो : 'कशाला?' कशाला स्कूटर? कशाला जिने? कशाला पपई? कशाला एवढ्या लांबचा प्रवास? शेवटी प्रश्नचिन्ह असलं तरी हा प्रश्न नसतो. तो निकाल असतो, आणि त्याचं कारणही ठरलेलं असतं : उगाच रिस्क कशाला घ्यायची?

मला सातवा महिना चालू आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, नवराही त्याच धंद्यात. राहायला पुण्यात, माहेर चिपळूणला. गेल्या काही महिन्यांत आमचे वाद झाले ते अगदी साध्या गोष्टींवरून. पाचव्या महिन्यात गाडीने चिपळूणला जायचं का? आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला जायचं की घरूनच काम करायचं? बाळंतपण माहेरी की इथे? पण या साध्या प्रश्नांच्या तळाशी एक अवघड प्रश्न बसलेला आहे. ज्याला अजून बोलता येत नाही, त्याच्या वतीने धोका पत्करायचा किंवा टाळायचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो? आणि आपण धोका टाळला असं म्हणतो, तेव्हा तो नेमका जातो कुठे?

चिपळूणच्या प्रवासाचंच घ्या. माझी आजी ८४ वर्षांची आहे, तिला पुण्याला येणं शक्य नाही. पाचव्या महिन्यात चोरओटी भरायची तिची इच्छा होती. जायचं तर उंब्रजहून आत वळून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट. म्हणजे सकाळी निघून दुपारी पोचायचं. यावर घरात दहा दिवस चर्चा चालली. सासूबाईंना घाटाची भीती, आईला पाठवतानाची भीती, आणि सगळ्यांचं एकमत असं की घरी थांबलं तर काहीच होणार नाही.

या 'काहीच होणार नाही' मध्येच मला गोम दिसते. घरी थांबण्यात धोका नसतो असं आपण धरून चालतो, कारण थांबणं ही कृती वाटत नाही. आमच्या कामात याचं छान उदाहरण आहे. सणासुदीला किंवा वर्षअखेरीला कंपन्या कोडमध्ये बदल करायचं बंद करतात. नवं काही टाकायचं नाही, म्हणजे काही बिघडणार नाही. तरी नेमकी तेव्हाच कुठल्यातरी सर्टिफिकेटची मुदत संपते, कुठेतरी डिस्क भरते, आणि कोणी हात न लावलेली सिस्टिम कोसळते. फरक एवढाच की बदल करणाऱ्याचं नाव लॉगमध्ये राहतं. बदल न करणाऱ्याचं नाव कुठेच राहत नाही.

गरोदर बाईच्या बाबतीत समाज असाच वागतो. तिने केलेल्या गोष्टीची नोंद होते, तिला न करू दिलेल्या गोष्टीची होत नाही. आजीला भेटता आलं नाही, तर ते नुकसान कोणत्याच रकान्यात लिहिलं जात नाही.

हे फक्त घरगुती पातळीवर घडतं असंही नाही. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं औषध बाजारात आलं. झोप यावी म्हणून, आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठीही ते दिलं जात होतं. त्यापायी जगभरात सुमारे १०,००० बाळं हातापायांची गंभीर व्यंगं घेऊन जन्मली, आणि त्यातली कितीतरी जगली नाहीत. १९६१ मध्ये जर्मनीत ते औषध मागे घेण्यात आलं. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या औषध प्रशासनातल्या अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा आहे म्हणत मंजुरी अडवून धरली होती. त्यांचा आग्रह 'पुरावा आणा' असा होता. जगाने यातून घेतलेला धडा जरा वेगळा निघाला : बायकांना चाचण्यांमध्ये घेऊच नका. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळावं, अशी सूचना काढली. ती मागे घ्यायला १९९३ उजाडलं.

आता २०२१ आठवून बघा. १६ जानेवारीला भारतात करोनाची लस द्यायला सुरुवात झाली. गरोदर बायकांना लस नव्हती, कारण चाचण्यांमध्ये गरोदर बायका नव्हत्या. चाचण्यांमध्ये त्या नव्हत्या, कारण काळजी. मग एप्रिल-मेमध्ये दुसरी लाट आली. करोना झालेल्या गरोदर बाईला आयसीयूची गरज लागण्याची शक्यता त्याच वयाच्या इतर बायकांपेक्षा जास्त असते, हे तोवर माहीत झालेलं होतं. म्हणजे ज्यांना धोका जास्त, त्यांनाच त्या दोन महिन्यांत लस नाही. परवानगी आली २ जुलैला.

इथे कोणी दुष्ट नव्हतं. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी जबाबदारीनेच वागत होतं. पण ही साखळी पाहिली की एक गोष्ट लख्ख दिसते. धोका नाहीसा होत नाही, तो सरकतो. औषध कंपनीच्या, सरकारच्या, डॉक्टरच्या डोक्यावरचा धोका गरोदर बाईच्या डोक्यावर सरकला, आणि या सरकण्याला नाव मिळालं 'काळजी'.

हे एकदा दिसलं की सगळीकडे दिसू लागतं. तिसऱ्या महिन्यात मी ऑफिसात बातमी सांगितली. पुढच्याच आठवड्यात एका मोठ्या रिलीजवरून माझं नाव काढलं गेलं. "आता तू आराम कर, स्ट्रेस नको," असं प्रेमाने सांगितलं. मला विचारलं मात्र नाही. एप्रिलमध्ये पगारवाढीच्या चर्चा होतील, तेव्हा त्या रिलीजवर माझं नाव नसेल. कामात अडचण येईल हा टीमचा धोका होता. तो माझ्या पुढच्या दोन वर्षांवर सरकला. काळजी खरी होती हे मी मान्य करते. पण खरी काळजीसुद्धा कोणाच्या तरी खात्यातूनच खर्च होत असते.

मग विचारायचं काय? मला वाटतं, 'धोका आहे का?' या प्रश्नाला अर्थ नाही, कारण उत्तर नेहमी 'आहे' असंच येतं. विचारायला हवं ते असं : हा धोका कोण उचलणार, तो उचलणाऱ्याला विचारलंय का, आणि बदल्यात कोणाला काय मिळणार?

आता इथेच माझा स्वतःचा युक्तिवाद माझ्यावर उलटतो. उचलणाऱ्याला विचारायचं, तर बाळाला कुठे विचारलंय? घाटातून जायचं की नाही यावर आम्ही दहा दिवस खल केला; पण त्याला या जगात आणायचं हा त्याहून कितीतरी मोठा निर्णय आम्ही त्याला न विचारताच घेतला. २०१९ मध्ये मुंबईतल्या एका तरुणाने, मला न विचारता जन्माला घातलं म्हणून आईवडिलांवर खटला भरणार, असं जाहीर केलं होतं. तेव्हा आपण सगळे हसलो होतो. पण डेव्हिड बेनटार या तत्त्वज्ञाने २००६ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहून जवळपास हीच भूमिका गंभीरपणे मांडली आहे : जन्मलेल्याला दुःख भोगावंच लागतं, न जन्मलेल्याचं मात्र काहीच हुकत नाही.

मला हे पटत नाही, पण हसण्यावारीही नेता येत नाही. संमती अशक्य आहे म्हणून तिची गरजच नाही, असं म्हणणं फार सोयीचं आहे. बेशुद्ध रुग्णालाही विचारता येत नाही, म्हणून डॉक्टरला त्याचं काहीही करायची मुभा मिळत नाही. उलट त्याच्यावरची जबाबदारी वाढते.

डेरेक पारफिट यांनी १९८४ च्या 'रीझन्स अँड पर्सन्स' मध्ये याच्याही पुढचा पेच दाखवला. आम्ही मूल दोन वर्षं पुढे ढकललं. फ्लॅटचा हप्ता जरा आवाक्यात येऊ दे, बाळाला काही कमी पडायला नको, असं सगळ्यांना सांगत होतो. पारफिट म्हणतील, कोणत्या बाळाला? दोन वर्षांपूर्वी झालं असतं ते मूल वेगळं असतं. आता पोटात लाथा मारतंय ते, तेव्हा झालंच नसतं. म्हणजे थांबून आम्ही याच्यावर काही उपकार केले नाहीत. आम्ही थांबलो ते आमच्यासाठी. त्यात वाईट काही नाही, पण ते 'बाळासाठी' या खात्यावर टाकता येत नाही.

हे वाचल्यापासून मला 'बाळासाठी' या शब्दाचीच शंका येऊ लागली आहे. बाळ बोलत नाही, त्यामुळे त्याचा वकील व्हायला सगळेच तयार असतात. सासूबाईंची भीती, आईची हौस, बॉसची सोय, माझी आजीला भेटायची ओढ, सगळं 'बाळासाठी' या एकाच शब्दाच्या पदराखाली लपतं.

आणि या वकिलांचा रोख कायम एकाच व्यक्तीकडे असतो. अभिमन्यूची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पोटात असताना त्याने चक्रव्यूहात शिरायची विद्या ऐकली, पण सुभद्रेला झोप लागली आणि बाहेर पडायची विद्या राहून गेली. जरा विचार करा. रणांगणावर सहा-सात महारथी नियम मोडून एकट्या पोरावर तुटून पडले. पण घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत चूक कोणाची निघते, तर दमून झोपलेल्या गरोदर बाईची. गोष्ट सांगणारा ती झोपल्यावर का थांबला, सकाळी पुन्हा का नाही सांगितली, हे कोणी विचारत नाही.

आमच्या चिपळूणच्या दहा दिवसांच्या चर्चेतही नवरा गाडी कशी चालवतो हा मुद्दा एकदाही निघाला नाही. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट पाहिले आणि म्हणाल्या, सगळं नॉर्मल आहे, जाऊन या. दर दोन तासांनी उतरून चाला, कारण या दिवसांत फार वेळ एका जागी बसलं तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. सीटबेल्ट लावायचाच, खालचा पट्टा पोटाच्या खालून घ्यायचा. मग त्या नवऱ्याकडे वळल्या : "आणि हायवेवर ऐंशीच्या वर जायचं नाही. ही तुमच्यासाठीची प्रिस्क्रिप्शन." पाच महिन्यांत बाळाच्या सुरक्षिततेबद्दल त्याला कोणी सांगितलेली ही पहिली गोष्ट.

आम्ही गेलो. चोरओटी झाली, आजी खूश झाली, परतही आलो. सुखरूप आलो म्हणून निर्णय बरोबर ठरला असं मी म्हणणार नाही. नशीब हा पुरावा नसतो. लक्षात राहिलं ते वेगळंच. जानेवारी होता, साताऱ्याच्या पुढे हायवेवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. ऊसतोडीला बीडकडून आलेल्या नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. दोन माणसं, हिशेबात एकच कोयता. हंगामाआधी जोडीने मुकादमाकडून उचल घ्यायची, मग महिनोन्महिने फडावर ती फेडायची. एक दिवस काम चुकलं तर खाडा, त्याचे पैसे कापले जातात. त्यांच्यातल्या गरोदर बायकाही प्रवास करून येतात, मोळ्या डोक्यावर घेतात. त्यांना कोणी 'कशाला?' म्हणत नाही.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने मला २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. उसाच्या फडावर ती पोचत नाही. गरोदर बाईची काळजी ही जर खरोखर बाळाची काळजी असती, तर ती पोटापोटांत फरक करत नसती. आमच्या चहात पडणारी साखर स्वस्त राहावी म्हणून कुठला धोका कोणाच्या डोक्यावरच्या मोळीत बांधला गेलाय, याची नोंद कुठल्याच लॉगमध्ये नाही. हे लिहून मी मोठी होत नाही. मी तीच साखर खाते. पण 'आपलं मूल' एवढाच परीघ धरून केलेला नैतिक विचार किती तोकडा असतो, ते त्या रांगेमागे गाडी हळू करताना कळलं.

आता राहिला बाळंतपणाचा प्रश्न. पहिलं माहेरी करायची रीत. आम्ही पुण्यात करायचं ठरवलंय. हॉस्पिटल घरापासून दहा मिनिटांवर आहे, माझे सुरुवातीपासूनचे रिपोर्ट तिथे आहेत, आणि नवरा त्या वेळी शेजारी असेल. सगळे म्हणाले, शहाणपणाचा निर्णय, धोका टळला.

टळलेला नाही. तो सरकलाय. आता आई तिचे दुखरे गुडघे घेऊन कुंभार्ली घाट चढणार. तिकडे आजीजवळ बाबा एकटे, आणि बाबांना भाताच्या पलीकडे काही शिजवता येत नाही. म्हणून या वेळी आम्ही आधी विचारलं. आईला, बाबांना, आजीलाही. आईने दोन महिन्यांऐवजी एकच महिना येईन म्हटलं, आणि ते आम्ही मान्य केलं. नवऱ्याच्या कंपनीत बाप होणाऱ्याला पाच दिवस रजा मिळते, आणि खासगी नोकरीतल्या बापांना रजा देणारा कायदा आपल्याकडे नाही. त्याने स्वतःच्या साठलेल्या रजेतले २० दिवस मागितले आहेत. त्याच्या प्रमोशनचं काय होईल ते पुढे दिसेल. काही भाग त्याच्याही डोक्यावर गेला, एवढं मात्र झालं.

या वाटणीत एकच जण असा आहे ज्याला आम्ही विचारू शकलो नाही. उद्या मोठं होऊन त्याने किंवा तिने विचारलंच, की मला न विचारता का आणलंत, तर माझ्याकडे खणखणीत उत्तर नाही. "तुझ्यासाठीच सगळं केलं," हे आईबापांचं हुकमी वाक्य मात्र मी वापरणार नाही. काय काय केलं, त्याची किंमत कोणी कोणी मोजली, आणि त्यातलं किती खरोखर तुझ्यासाठी होतं, किती आमच्यासाठी, एवढं मला सांगता यायला हवं. त्यावर ते रागावलं, तर रागावण्याचा हक्क त्याचा आहे.