सहीआधीची प्रार्थना

बोईसरजवळच्या पाम गावापासून तारापूर एमआयडीसी हाकेच्या अंतरावर. इथल्या कुठल्याही ख्रिस्ती घरात रविवारच्या मिस्सेनंतर मामा-भाच्यात व्हावा असा हा संवाद. भाचा रासायनिक कारखान्यात शिफ्ट इनचार्ज आहे.

भाचा : रिअ‍ॅक्टरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासलेलाच नाही, आणि 'तपासला' या रकान्यात सही माझी हवी आहे. नाही म्हटलं तर नोकरीवर गदा. रोज गुडघे टेकतो मामा, पण भीती तसूभरही कमी होत नाही. मग प्रार्थनेचा उपयोग काय?

मामा : प्रार्थनेने भीती जायलाच हवी, असं कुठे आहे? गेथशेमानी बागेत येशूनेही आधी हेच मागितलं, की हा प्याला टळावा. भीती त्याने पित्यापासून लपवली नाही. तिथून उठला तेव्हा पुढे जायची तयारी झाली होती.

भाचा : माझ्या डोक्यावर कर्जाचे हप्ते आहेत, मुलीची शाळा आहे. माझ्या श्रद्धेची किंमत त्यांनी का मोजायची?

मामा : प्रश्न खरा आहे. एखादं वचन तोंडावर फेकून मी तो उडवून लावणार नाही. पण हिशेब पुरा मांड. रात्रपाळीला त्या रिअ‍ॅक्टरपाशी कोण असतं?

भाचा : कंत्राटी पोरं. काही उत्तर प्रदेश-बिहारकडची, काही डहाणू-विक्रमगडची.

मामा : त्यांची नावं तुझ्या प्रार्थनेत येतात?

भाचा : नाही. मी माझ्यापुरतंच मागतो.

मामा : मग आधी ती येऊ देत. प्रार्थना लपायची जागाही होऊ शकते, हे मला मान्य आहे. 'देव बघून घेईल' म्हणत सही करून मोकळे होणारेही प्रार्थनाच करतात. उठल्यावर शेजारचा माणूस दिसू लागला, तर ती प्रार्थना देवापर्यंत पोचली असं मी मानतो.

भाचा : भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोका दिसला तर सांगायचा हक्क कामगाराला मिळाला. तरी बोलतं कोण?

मामा : हक्क कायदा देतो, तोंड आपल्यालाच उघडावं लागतं. 'प्रेषितांची कृत्ये'चा चौथा अध्याय वाच. येशूच्या पेत्र आणि योहान या शिष्यांना धमकावून सोडलं, तेव्हा ते थेट आपल्या माणसांत आले. सगळ्यांनी मिळून मागितलं ते निर्भीडपणे बोलण्याचं बळ. हाच पेत्र त्याआधी शेकोटीपाशी एकटा सापडला, तर येशूला ओळखतच नाही असं तीनदा म्हणाला होता.

भाचा : म्हणजे धैर्यालाही सोबत लागते.

मामा : आपल्या वसईतच बघ. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी बिल्डर आणि गुंडांच्या विरोधात उभे राहिले. त्याच माणसाने वर्षानुवर्षं खपून 'सुबोध बायबल' सिद्ध केलं, त्याला 2013 सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. ते जे वाचत होते तेच त्यांना रस्त्यावर नेत होतं. आणि रस्त्यावर त्यांच्यासोबत लोक होते.

भाचा : आणि नोकरी गेलीच तर? देव राखेल?

मामा : ती हमी मी देणार नाही. 'प्रेषितांची कृत्ये'मधलाच स्तेफन प्रार्थना करता करताच दगडांच्या माऱ्यात मेला. पण यरुशलेमची भिंत बांधताना नहेम्याने प्रार्थनाही केली आणि पहारेही बसवले. तूही बसव. वरिष्ठांना लेखी कळव, पोच घे, प्रत घरी ठेव, सोबत्यांशी बोलून ठेव.

भाचा : सही करू की नको, एवढं तरी सांगा.

मामा : मी सांगितलं तर निर्णय माझा होईल आणि भोगावं लागेल तुला. एवढंच कर, त्या पोरांची नावं एकेक करून देवापुढे घे, आणि मग त्याच तोंडाने 'व्हॉल्व्ह तपासला' म्हणून बघ. म्हणवलं, तर कर सही.

भाचा : नाही म्हणवणार. उद्या रकान्यात 'तपासणी बाकी' असं लिहितो. पण भीती आहेच, मामा.

मामा : असू दे. भीती घेऊन गेलास तरी चालेल, एकटा मात्र जाऊ नकोस.